भिंतीवर दहाच खिळे

नागपुरात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची दर्शनी भिंत यंदा उन्हाळ्यात रंगवून झाली आणि तिच्यावर दहा खिळे ठोकले गेले. जगाच्या इतिहासावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या दहा व्यक्तींच्या तसबिरी तिथे लावायच्या, असा ठराव आहे. खिळे ठोकायला एक सकाळ पुरली. नावं ठरवायला तीन बैठका झाल्या, चौथी पोळ्यानंतर आहे, आणि मधल्या काळात समितीतले दोघे जण एकमेकांशी बोलेनासे झालेत. निवृत्त हेडमास्तरांना शिवाजी महाराज आणि विवेकानंद हवेत. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना बुद्ध आणि बाबासाहेब हवेत, तेही शेजारी शेजारी. गांधींवर पाऊण तास गेला. आइन्स्टाइन बिनविरोध मंजूर झाला. त्याने नेमकं काय केलं हे कोणी विचारलं नाही म्हणून असावं. कोपऱ्यात बसलेला, एमपीएससीची तयारी करणारा एक पोरगा मध्येच म्हणाला, ‘काका, प्रभावच पाहून राहिले ना? मग हिटलरही लावा.’ सगळे त्याच्या अंगावर धावून गेले. मला मात्र वाटलं, तीन बैठकांत विषयाला धरून बोलला तो तेवढाच.

त्याला हिटलर आवडतो असं नाही. तो फक्त ठरावातला शब्द वाचत होता. ठरावात ‘प्रभाव’ लिहिलंय आणि बैठकीत सगळे ‘थोरवी’ मोजतायत. ही गल्लत आमच्याच वस्तीत होते असंही नाही. जगातला सर्वात प्रभावशाली माणूस कोण, ही चर्चा जिथे जिथे पेटते तिथे ती तासाभरात ‘आमचा मोठा की तुमचा’ यावर येऊन थांबते. माझं म्हणणं सरळ सांगतो. प्रभाव ही माणसाच्या आत साठवलेली शिल्लक नाही, की पासबुक उघडून आकडा वाचावा. तो हातांमधून पुढे जातो, आणि प्रत्येक हात त्यात काहीतरी घालतो किंवा गाळतो. त्यामुळे ‘पहिला कोण, सातवा कोण’ हा प्रश्नच फसवा आहे. कोणती गोष्ट कोणामुळे, कोणत्या वाटेने आपल्या दारापर्यंत आली, हा प्रश्न विचारला तर काही हाती लागेल.

आधी थोरवीचं पाहू. काटोल-नरखेडकडचा शेतकरी खरिपात युरियाचं पोतं खांद्यावर घेतो, त्या पोत्यामागे फ्रिट्झ हाबर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ उभा आहे. हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करता येतो, हे त्याने १९०९ साली दाखवलं. कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभारला, तो १९१३ साली चालू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या खताच्या जोरावर पिकलेलं अन्न खातात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे पृथ्वीवरच्या दर दुसऱ्या माणसाच्या ताटाशी या गृहस्थाचा संबंध. आणि याच हाबरने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ क्लोरीन वायू सोडण्याच्या कामावर स्वतः देखरेख केली. पुढे त्याला १९१८ सालचं नोबेल मिळालं, अर्थात अमोनियासाठी. आता याची तसबीर लावायची की नाही? हार घालायचा की नाही? थॉमस मिजलीचं काय करायचं? पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती त्याची, आणि ओझोनचा थर विरळ करणारे क्लोरोफ्लुरोकार्बनही त्याच्याच प्रयोगशाळेतले. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. तोपर्यंत सीताबर्डीच्या चौकात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने या माणसाचा प्रभाव नाकाने ओढून घेतलाय. प्रभावच मोजायचा तर हे दोघे पहिल्या पन्नासांत यायलाच हवेत. ते येत नाहीत, कारण आपल्याला यादी नको असते, देव्हारा हवा असतो. देव्हारा हवा असण्यात वावगं काही नाही. फक्त त्याला इतिहास म्हणू नये.

यावर एक उत्तर येतं आणि ते हलकं नाही. ‘सगळ्याच याद्या भाबड्या नसतात, कसोट्या लावून काढलेल्याही असतात.’ खरं आहे. १९७८ साली एका अमेरिकन अभ्यासकाने शंभर जणांची क्रमवारी छापली, तिच्यावर आजही भांडणं होतात. थोर कोण ते मी सांगत नाही, कोणाच्या असण्याने जग किती बदललं तेवढंच पाहतो, असं त्याने आधीच बजावलं होतं. त्या यादीत सातव्या क्रमांकावर होता त्साय लुन, चीनच्या हान दरबारातला खोजा, इसवी सन १०५ च्या सुमारास कागद करण्याची रीत ज्याच्या नावावर लागली तो. सम्राटांना आणि सेनापतींना मागे सारून कागदवाल्याला सातवा नंबर देणं याला हिंमत लागते, मी ती मानतो. मी हे नाव बैठकीत काढलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, ‘त्याला इथं कोण ओळखते?’ दरवर्षी शाळेसाठी वह्यांचे गठ्ठे मागवण्यात यांची हयात गेली!

पण त्याच शंभरांत स्त्रिया होत्या दोन, आणि दोघीही राण्या. हा त्या अभ्यासकाचा आकस होता असं मी म्हणणार नाही. ज्यांची नोंद झाली त्यांच्यातूनच तो निवडणार. नोंद कोणाची होते? ज्याच्याकडे लेखणी होती, किंवा लेखणीवाले पदरी होते, त्याची. म्हणून कसोटी कितीही कडक लावली तरी चाळणीत आधी जे पडलंच नाही ते वर कुठून येणार? शून्याचंच घ्या. आपण नागपूरकर झिरो माइलच्या दगडापाशी पाहुण्यांना नेऊन देशाचा मध्य दाखवतो. शून्यावरच्या गणिती क्रियांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहून ठेवले. ती अंकपद्धती अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या ग्रंथातून पश्चिमेला सरकली, १२०२ साली फिबोनाचीने ती इटलीच्या व्यापाऱ्यांपुढे मांडली, आणि अल-ख्वारिज्मीच्या नावाचा अपभ्रंश होऊन आजचा ‘अल्गोरिदम’ शब्द झाला. पण रिकाम्या जागी एक ठिपका मांडून दशकाचं घर राखायची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली? त्याला नाव नाही. कदाचित हिशेब ठेवणारा कोणी कारकून असेल. दहा खिळ्यांतला एकही त्याच्यासाठी नाही.

देवीच्या रोगाची गोष्ट या वादाला सर्वात जास्त उपयोगी पडते, म्हणून तिच्याकडे थोडं सावकाश पाहू. माझ्या आजीच्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल डाग होते. आम्ही विचारलं की ती म्हणायची, ‘देवी काढल्या होत्या.’ मराठीत लस टोचणं म्हणजे देवी काढणं. शाळेत टोचायला यायचा तो देवी डॉक्टर. रोगाचं नाव देवी, उपायाचं नाव देवी. या लशीचा जनक मानल्या जाणाऱ्या एडवर्ड जेन्नरला आपल्या भाषेने कुठे जागाच ठेवली नाही. आणि तरी जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली हा रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं त्याचं श्रेय आपण एका दमात जेन्नरला देतो. यादी करणारे त्याला यादीत बसवतात. बसवू द्या. पण मागे जाऊन बघा.

जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या पोराला गोस्तन देवीची लस दिली. त्याच्या बावीस वर्षं आधी, १७७४ साली, बेंजामिन जेस्टी नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने आजारी गाईच्या सडावरचा द्रव घेऊन आपल्या बायकोला आणि दोन मुलांना टोचला होता. तो डॉक्टर नव्हता, त्याने निबंध लिहिला नाही. त्याहीआधी, १७२१ साली बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचून त्याला वाचवायची रीत वापरली गेली, आणि ती तिथल्या गोऱ्यांना काही वर्षं आधी सांगितली होती ओनेसिमस या आफ्रिकन गुलामाने. त्याच्या मुलखात ती चालत आलेली होती. आपल्याकडे बंगालात टीकादार गावोगाव फिरून हेच करत. जेन्नरने यात मोलाची भर घातली: त्याने पडताळून पाहिलं, लिहिलं, छापलं, जगाला वाटलं. ते मी कमी लेखत नाही. पण लस छापील कागदावरून पसरत नाही. त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातून द्रव घ्यायचा, दुसऱ्याच्या दंडात टोचायचा, आठवड्याने त्याच्या दंडातून तिसऱ्याच्या. अशी दंडादंडांतून ती बगदाद, बसरा करत समुद्रावरून मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती धरली. भारतात यशस्वी झालेली ती पहिली लस. अ‍ॅनाच्या दंडातून ती मुंबईतल्या आणखी मुलांना दिली गेली आणि तिथून देशभर निघाली. आजीच्या दंडावरच्या डागांची गोष्ट मागे मागे नेली तर ती त्या पोरीला टाळून जात नाही, तिच्यातून जाते. मग प्रभावशाली कोण? जेन्नर? जेस्टी? बसऱ्यातली, जिचं नाव कोणी लिहिलं नाही अशी मुलं? ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत आपण दरवर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीचे पुतळे मिरवत नेतो. रोगराई खरोखर घेऊन गेलेल्यांचा पुतळा मात्र कोणी केलेला मला ठाऊक नाही.

इथे माझ्या बाजूने बोलणारे जरा जास्तच पुढे जातात आणि म्हणतात, व्यक्ती वगैरे सगळं झूट, काळ आला की गोष्ट होतेच. मला ते पटत नाही. विज्ञानात त्याला आधार सापडतो हे कबूल. कलनशास्त्र न्यूटन आणि लायब्निझ दोघांनी वेगवेगळं उभं केलं. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विन आणि वॉलेस दोघांना सुचली आणि १८५८ साली एकाच बैठकीत वाचली गेली. टेलिफोनसाठी बेल आणि एलिशा ग्रे यांचे कागद वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत १४ फेब्रुवारी १८७६ या एकाच दिवशी पोचले. म्हणजे तिथे एक नसता तर दुसरा होताच. पण माणसांच्या निर्णयांना हा नियम लागत नाही, आणि याचा पुरावा पाहायला नागपूरकराने गावाबाहेर जायची गरज नाही.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं ते पर्याय तपासत राहिले. मध्ये शीख धर्माचा गंभीर विचार झाला. त्यांना आपापल्या धर्मात ओढू पाहणारे काही कमी नव्हते. त्यांनी दुसरी वाट धरली असती तर आज वैशाली नगरपासून इंदोऱ्यापर्यंत या शहराचा रविवार, लग्नाचा विधी, पोरांची नावं, निळा रंग, सगळं वेगळं असतं. इथे ‘काळाने केलं’ म्हणून चालणार नाही. हा एका माणसाच्या बुद्धीचा निर्णय होता, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी उभा करता येत नाही. व्यक्तीचं महत्त्व मानणाऱ्यांना मी एवढं पूर्ण देतो.

आता पुढचं. १४ ऑक्टोबर १९५६ला महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना. ते लोक कुठून आले होते? आगगाडीने, बैलगाडीने, पायी, शिदोरी बांधून. वामनराव गोडबोल्यांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी जागा, पाणी, मांडव यांची जमवाजमव केली. बाबासाहेब सहा डिसेंबरला गेले, म्हणजे दीक्षेनंतर दोन महिनेही पुरे झाले नव्हते. समारंभाचा प्रभाव नेत्यापुरता असता तर तो तिथेच विझायला हवा होता. १९५१च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती २७ लाखांच्या वर गेली. जनगणनेचा माणूस दारात आल्यावर ‘बौद्ध लिहा’ असं ठामपणे सांगणारी ती प्रत्येक बाई, प्रत्येक बाप्या या आकड्यात आहे. बौद्ध म्हणून नोंदवलं तर सवलती जातील हे माहीत असूनही त्यांनी ते सांगितलं. १९९० पर्यंत केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती त्यांना मिळाल्या नाहीत. हा प्रभाव कोणाच्या खात्यावर मांडणार?

आणि बुद्धाच्या खात्यावर काय? भंडारा जिल्ह्यात पवनीला स्तूप सापडलेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे बुद्धाचा धर्म या मुलखात आलेला होता. नाग लोकांनी त्याचा धर्म पसरवला म्हणून हे शहर निवडलं, असं बाबासाहेबांनी स्वतः दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. पण १८५६ साली तुम्ही नागपुरात यादी काढली असती तर बुद्धाला कितवा नंबर दिला असता? त्याचं नाव घेणारा शोधावा लागला असता. अशोकाचं तर आणखी विचित्र. त्याचे शिलालेख शेकडो वर्षं उघड्यावर उभे होते आणि कोणाला वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कुठे हा राजा पुन्हा बोलायला लागला, आणि ११० वर्षांनी त्याचं चक्र राष्ट्रध्वजावर आलं. मेलेल्या माणसाचा प्रभाव वाढतो, आटतो, पुन्हा उगवतो. मग ‘सर्वात प्रभावशाली’ कोणत्या सालच्या भावाने काढायचा?

कापसाचं उदाहरण एका दमात सांगतो, कारण ते मला स्वतःला गमतीचं वाटतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. लिंकनच्या कानावर हिंगणघाट हे नाव आयुष्यात कधी पडलं असेल असं वाटत नाही. गिरणगाव झालेल्या नागपूरवर त्याचा हात आहे म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

समितीतल्या बँकवाल्या गृहस्थांनी मला चहाच्या टपरीवर गाठून जो आक्षेप घेतला तो सर्वात टोकदार. ते म्हणाले, ‘तुमचं ऐकलं तर सगळेच प्रभावी, म्हणजे कोणीच नाही. आणि पोरांना चेहरा लागतो हो. साखळीची तसबीर कशी लावाल?’ दुसऱ्या अर्ध्याशी मी सहमत आहे. आठवीतल्या मुलीला ‘सामाजिक प्रक्रिया’ दाखवून काही होत नाही. भिंतीवरच्या सावित्रीबाई पाहून होतं. पहिल्या अर्ध्याशी नाही. साखळीत सगळे दुवे सारखे नसतात. काही ठिकाणी ती एकाच माणसाच्या चिमटीत येते, आणि तिथे तो काय करतो यावर पुढचं सगळं असतं. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत इशारायंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. पाळीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने ते खोटं ठरवलं आणि हल्ला झाल्याची वर्दी दिली नाही. यंत्रच चुकलं होतं. त्याने केलं काय, तर घाई केली नाही. न घडलेल्या युद्धाचा इतिहास कोण लिहितो? किंवा दिलीप महालनबीस घ्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं मरत होती, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. या डॉक्टरने मीठ, ग्लुकोज, सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेला दिला. आज जलसंजीवनीचं पाकीट नाही असं आरोग्य केंद्र नाही. सरकारला ते २०२३ साली आठवले, पद्मविभूषण दिलं, मरणोत्तर. माझं म्हणणं चेहरे काढा असं नाहीच. चिमटीत आलेली माणसं शोधा, आणि तसबिरीखाली जन्म-मृत्यूच्या तारखांऐवजी दोन ओळी लिहा: हे याच्याकडे कोणाकडून आलं, आणि आपल्यापर्यंत कोणी आणलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली येवला आणि शिदोरी बांधून निघालेली माणसं येतील. हाबरच्या खाली युरिया आणि ईप्र दोन्ही येतील. हिटलरचं म्हणणाऱ्या पोराला मी तेच सांगितलं: याच्या खाली मतपेटीपासून छळछावणीपर्यंत कोणाकोणाचे हात लागले ते लिहायला तुझ्याकडे जागा आहे का? तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘एका फ्रेमीत नाही मावणार काका.’

तर सध्याची स्थिती अशी. इतवारीतल्या फ्रेमवाल्याला दहा फ्रेमांची आगाऊ रक्कम देऊन झाली आहे आणि तो दर दोन दिवसांनी फोन करतो. आठ नावं मंजूर आहेत, दोनांवर भांडण आहे. चौथी बैठक मारबत झाल्यानंतरच्या रविवारी ठेवली आहे. त्यात मी अ‍ॅना डस्टहॉलचं नाव मांडणार आहे. तिचा फोटो मिळणार नाही, हे हेडमास्तरांनी मला आधीच कळवलंय. १८०२ साली फोटो निघत नव्हते, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, ‘मग खिळा कशाला अडवता?’